बाकावरची हिरवी बाई

३ मार्च
लेकीच्या शाळेतली जुनी वही सापडली, निम्मी कोरी. रोज लिहायचं. मुद्द्याचं तेवढंच.
मी जिथे झाडू-पोछा करते त्या वाचनालयात नोटीस लागली आहे. आपल्या शहरातल्या पुतळ्यांचे फोटो काढा, २५ तारखेपर्यंत द्या. निवडलेले फोटो महिनाभर मोठ्या हॉलमध्ये, खाली काढणाऱ्याचं नाव. वाचनालयाच्या बाईंना विचारलं, मोबाइलवरचे चालतात का. चालतात म्हणाल्या. मग संपलंच. माझा लागणार.
लेक बघायला येणार. आठ महिने आली नाही, बोलली नाही. कारण काय, तर तिच्या नव्या घरी पाहुण्यांसमोर मी शेगडीची काच तारेच्या घासणीने घासली. चरे पडले. पडतात. मळलेली होती, मी काय बघत बसू? तुला जगात घाणीशिवाय काही दिसतं का गं आई, म्हणाली. सगळ्यांदेखत.
आता नाव लागलं की कळेल काय काय दिसतं ते.

५ मार्च, सकाळी ६
चौकातला लोखंडी छत्रीवाला काढला. फार छान. लेकीला पाठवला. एकच टिक आली. रेंज नसेल.
हे म्हणाले, छत्री कुठाय? छत्री यायची तर मागे सरकावं लागतं, मागून बस येते. फोटोसाठी मरू का? छत्रीवाला आहे हे शहरात सगळ्यांना ठाऊक आहे.

९ मार्च
बँकेसमोरचा घोडा. पुढचे दोन्ही पाय वर, शेपटीवर कावळा. वॉचमन आडवा आला, विचारल्याशिवाय फोटो नाही म्हणे. मी म्हटलं, घोडा काय तुझ्या बापाचा आहे? म्हणाला, मावशी, बापाचा असता तर विकून मोकळा झालो असतो, चला निघा. वर मोबाइलसमोर हात धरला.
फोटोत हातच आला. पण हात किती स्वच्छ आलाय! नखंसुद्धा दिसतात. म्हणजे मला जमतंय.
लेकीला पाठवला. एकच टिक.

१३ मार्च
बागेतला दगडी बेडूक. तोंडातून कारंजं उडायला हवं, पाणी बंद. सात फोटो काढले. ह्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, तुझ्या भावाचे एवढे फोटो कशाला?
दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना कळलंच नाही.
लेकीला सातही पाठवले. सातांना एकेकच टिक. मग एक बेडूक ह्यांच्या फोनवरून पाठवला. लगेच दोन टिका, निळ्यासुद्धा झाल्या. ह्यांचा फोन जुना आहे, जुन्या फोनला रेंज चांगली पकडते. हे काहीतरी सांगायला लागले होते. मी म्हटलं, तुम्हाला फोनमधलं काय कळतं?

१८ मार्च
बाईंना फोटो दाखवले. वॉचमनच्या हाताच्या फोटोशी बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, लांब कशाला जाता, आपल्याच मागच्या अंगणात बाकावर पुस्तक वाचणारी ती पितळी बाई आहे, तिचा काढा. चाळीस वर्षांत काय सुंदर रंग चढलाय तिच्यावर.
जाऊन बघितली. हिरवीगार! पितळेवर हिरवं म्हणजे काय, ते माझ्या घरात पहिलीतल्या पोरीलाही माहीत होतं. चाळीस वर्षं एकानेही फडका मारला नाही आणि ह्याला रंग म्हणतात. शिकलेली माणसं.

१९ मार्च
ठरलं. आधी बाई घासायची, मग फोटो. अशी लख्ख निघेल की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. बाईंना सांगायचं नाही, एकदम चकित करायचं. पावडर, लिंबं, घासणी पिशवीत भरून ठेवली.

२० मार्च, दुपारी
सहाला सुरुवात केली. हट्टी मळ. दोन तासांत कपाळ, एक गाल, नाक आणि पुस्तकाचं एक पान निघालं. बाकी हिरवीच. अर्धं तोंड कोणी चापट मारल्यासारखं चमकतंय. थोडे चरे आलेत, ते उन्हात दिसत नाहीत.
आठला बाई आल्या. ओरडल्या नाहीत, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. तो मळ नव्हता, म्हणाल्या. तोच रंग. तो मुद्दाम जपलेला. आता परत यायला चाळीस वर्षं. मी म्हटलं, उरलेली घासून देते, सारखं दिसेल. त्यांनी बादली ओढून घेतली.
फोटो काढायचा राहिला.

२१ मार्च
कामावर येऊ नका, कळवू, असा निरोप. कमिटी चिडली आहे. चिडू दे. उद्या त्यांच्याच लक्षात येईल की निघालेला गाल किती छान दिसतो.

२४ मार्च
बाईंनी बोलावलं. नोकरी राहिली. अंगणात मात्र पाय ठेवायचा नाही, आणि माझे फोटो निवडीतून बाद.
नोकरी राहिली ती लेकीमुळे. त्या दिवशी सातला वाचनालयाच्या चौकीदाराने बाईंना कळवलं होतं. माझे हात पावडरीत, फोन उचलला नाही, तेव्हा बाईंनी हजेरीच्या वहीत माझ्या नंबराखाली लिहिलेल्या लेकीच्या नंबरावर लावला. काल ती स्वतः आली. कमिटीपुढे माफी मागितली, सही केली. मी दोन गल्ल्यांवर घरी बसले होते.
किती वेळ होती, विचारलं. वीस मिनिटं. सगळं माझ्याबद्दलच बोलली. आठ महिन्यांत एवढं बोलली नव्हती, म्हणजे राग उतरतोय. बारीक झालीय का, विचारलं. बाई म्हणाल्या, लक्ष दिलं नाही.
मग वही पुढे सरकवली. जाताना ती एवढंच सांगून गेली की तिचा नंबर इथून काढा. बाईंनी माझ्यासमोर खोडला. दोन रेघा, पट्टीने.
त्या जागी कोणाचा लिहू, म्हणाल्या. ह्यांचा फोन दिवसभर टीव्हीखाली पडलेला असतो. भावाशी बोलणं नाही. मागे पुस्तकं बदलायला आलेली माणसं खोळंबली.
शेवटी माझाच दिला. बाई म्हणाल्या, हा तर वर आहेच. मी म्हटलं, असू दे, लिहा.