चाखल्याशिवाय छान

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी एक भांडण करायचं राहूनच गेलंय. आज सवड आहे, म्हणून लिहायला बसले. तुमचा संडे स्कूलचा वर्ग हल्ली मी घेते. हसू नका. दुसरं कोणी तयार नव्हतं, आणि रिटायर झालेली नर्स म्हणजे रिकामटेकडी, असा पाळकसाहेबांचा ठाम समज आहे.

हंगामाचा सण आला की तुमची आठवण येतेच, आणि ती काही गोड नसते. भातकापणी झाली की लोक पहिलं पीक चर्चमध्ये आणायचे, उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. कोणी भोपळा घ्यायचं, कोणी कोंबडी. पोरांनी मात्र स्वतःच्या हातचं काहीतरी आणायचं, हा तुमचा कायदा. तुमच्या वर्गात असताना मी नानखटाई केली. कर्जतच्या बाजारातल्या बेकरीतून ट्रे भाजून आणला आणि ऐटीत तुमच्यापुढे डबा उघडला. तुम्ही एक उचलता, दाताखाली धरता, थांबता, आणि तशीच बाहेर काढता. मग पदरात गुंडाळून वरवंट्यानं फोडता आणि तुकडा चघळत विचारता, "हे प्रभूला द्यायचं?" मी म्हटलं, प्रभू काही बोलणार नाही. "नाहीच बोलणार," तुम्ही म्हणालात, "तो दयाळू आहे. म्हणून मला बोलावं लागतं." पुढची खेप करपली. मी पुन्हा ट्रे घेऊन गेले, तेव्हा बेकरीवाले चाचा म्हणाले, "तुमचा देव लय कडक दिसतो गं." मी म्हटलं, "देव नाय चाचा, बाई." शेवटी एकदाची जमली, तर तुम्ही "बरी आहे" म्हणालात आणि डबा लिलावाच्या टेबलावर ठेवून दिलात.

आता काळ बदललाय. पोरांच्या कामाला नावं ठेवायची नसतात, लगेच ग्रुपवर आईबापांचे मेसेज येतात. म्हणून मी सरसकट छान म्हणते. वाकडा कंदील, छान. बेसूर गाणं, तेही छान. यंदा कुंभिवलीची एक सातवीतली मुलगी सणाच्या आदल्या रविवारी आवळ्याचा मुरंबा दाखवायला घेऊन आली. मी बरणी उजेडात धरली आणि म्हटलं, "वा, छान." ती हलेचना. म्हणाली, "टीचर, तुमी चाखलाच नाय."

सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. मी चाखला. पाक करपलेला, आवळा कच्चा. जन्मभर पेशंटांना कडू औषधं पाजली, पण ती स्वतः गिळायची वेळ कधी आली नव्हती. "खरं सांगा," ती म्हणाली, "प्रभूसाठी केलाय." मग मी सांगितलं. पाक करपलाय गं, पुन्हा कर, तुला याहून चांगला जमेल. तिनं बरणी उचलली आणि गेली. संध्याकाळी तिच्या आईचा फोन. "पोर जेवत नाय. लेकराला असं बोलतात का? आता ती यायची नाय तुमच्या वर्गाला."

आठवडाभर माझ्या जिवाला घोर. प्रभूसाठी मन लावून काम करावं हे शिकवायला गेले, आणि पोरीला त्याच्यापासूनच तोडलं की काय? खरं बोलायची ही खोड तुमचीच ना? त्या आठवड्यात तुम्हाला मी भरपूर शिव्या घातल्या, अर्थात चर्चच्या माणसाला शोभतील अशाच.

सणाच्या दिवशी तिची जागा रिकामी. गाणी झाली, प्रवचन झालं, त्यातलं अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. लिलाव सुरू झाला आणि बाहेर तिच्या बापाचा टेंपो थांबला. पोर आत आली, भाजलेल्या बोटाला चिंधी, हातात बरणी. मागून आई धुसफुसत, "आठवडाभर माझा गॅस आडवून ठेवलाय हिनं. सगळं घर आवळे खातंय." मुलगी सरळ माझ्यासमोर आली. "आता चाखा. मग बोला." पाळकसाहेब भोपळा पोटाशी धरून तसेच उभे. आवळा अगदी मऊ झाला होता, वेलची बेतशीर होती. मी म्हटलं, "पाक किंचित सैल राहिलाय. पण छान झालाय. खरंच छान." तिनं माझा चेहरा नीट तपासला, खात्री करून घेतली, आणि मग जाऊन आपल्या जागेवर बसली.

तर भांडण ते हे, बाई. म्हणजे ते तुमच्याशी होतं, पण आता लिहिता लिहिता त्यातली हवाच गेली. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच आहे, म्हणून खरं काय ते सांगून टाकते. ती जागेवर जाऊन बसली, शेजारणीच्या कानात काहीतरी कुजबुजली, आणि दोघी खुदकन हसल्या. तिच्याकडे बघताना मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याआधी, बाई, तिला मिळालेल्या त्या "खरंच छान"चा मला हेवा वाटला.