शेवटची काडी आणि कडब्याचा ट्रक

मु. बोरवंडी, निलंग्याजवळ
एप्रिल १९८३

तीर्थरूप सिद्धरामअण्णांना शिवकांताचे शरणार्थ. आमची प्रकृती ठीक आहे, विहिरीची नाही. नांदेडला तुम्ही गोदावरीच्या काठी (पाणी नसलं तरी काठ आहेच) सुखात असाल. वहिनींचा गुडघा कसा आहे?

पत्रास कारण, तुमची बहीण लातूर जिंकून आली! नवा जिल्हा झाला, कचेरी जवळ आली, पण टँकर काही येईना. मराठीत पाच अर्ज झाले. शेवटी शेजारची रत्नम्मा म्हणाली, "बाई, इंग्रजीत लिवा. मराठी त्येंना समजून न्हाई राहिली." मी चिडलेलीच होते (वर्गात लेकरं तहानेनं पेंगतात). अर्जाच्या शेवटी ठोकून दिलं, 'धिस इज द लास्ट स्ट्रॉ'. मी शाई सांडली की तुम्ही कपाळाला हात लावून हेच म्हणायचात ना!

आठव्या दिवशी गावात ट्रक आला. आम्ही घागरी घेऊन धावलो, तर आत कडबा! सोबतच्या कागदावर शेरा: 'गावात शेवटची काडी उरली आहे, तातडीने चारा द्यावा.'

रत्नम्मानं पदर खोचला. कडबा उतरवून त्याच ट्रकनं आम्ही अकरा जणी लातूरला. कचेरीतल्या साहेबांपुढे मी सगळं उलगडलं: उंटावर ओझं लादत जावं, तो सोसतो, मग एकच काडी जास्त होते आणि त्याचा कणा मोडतो. सोसणं संपलं, की इंग्रज म्हणतो लास्ट स्ट्रॉ. साहेब विचारात पडले. "पण बाई, इंग्रजांकडं उंट कुठला?" मी म्हटलं, "आधी त्यांच्या म्हणीत घोडा होता, अन् काडीऐवजी पीस. उंट अरबांकडून आला म्हणतात."

"अन् इथं उंट कोण?"

रत्नम्मानं रिकामी घागर त्यांच्या टेबलावर ठेवली. "आमी. पाच अर्ज पाठीवर हायेत."

साहेब हसले नाहीत. घागरीत वाकून बघितलं आणि तिथंच सही केली. आता रोज दोन टँकर येतात, अण्णा! कडबा परत न्यायचा का, असं त्यांनी विचारलं, तर रत्नम्मा म्हणते, "ऱ्हाऊ द्या की. उंटाला लागंल."

तुमची,
शिवकांता

ता. क. घोडा आणि पीस मी तुमच्या जुन्या बोलण्याच्या भरवशावर सांगितलं. तुम्ही शिकवता त्या कॉलेजातल्या मोठ्या कोशात बघून कळवा. साहेबांनी वहीत लिहून घेतलंय.

आणखी ता. क. खरं काम हे, की शाळेचं छप्पर वाऱ्यानं उडालं आहे. जिच्यात छपराचे टिनाचे पत्रे येतात अशी एखादी इंग्रजी म्हण असेल, तर उलट टपाली पाठवा.