पाकिटावरची आजी

सांगली, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू माझं ऐकत नाहीस, म्हणून पत्र. पाचगणीच्या होस्टेलात सिस्टर दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायच्या. ती सवय बहुतेक आपल्या दोघींनाच उरली असेल.

तुझ्या कालच्या सदरानं आमच्या घरात जाळ लागलाय. आमच्या पोराच्या, अतिशयच्या, नव्या भडंगाच्या पाकिटात भडंग कमी नि हवा जास्त, असं लिहिलंस. तिथवर तो हसला. पण पाकिटावरची हसरी आजी कंप्युटरवरून विकत आणलीय, आणि त्याच्या खऱ्या आजीनं, माझ्या आईनं, हातावर चव दिल्याशिवाय कुणाला भडंग विकलं नाही, हेही छापलंस. आता दुकानात येईल तो विचारतोय, ही आज्जी कुणाची रं? अतिशय धड जेवत नाही. त्यानं तुमच्या पेपरच्या जाहिराती थांबवल्यात.

दोन ओळींची माफी लिही ना. गंमत होती म्हण. त्यानं आत्ता कुठं धंद्यात पाऊल टाकलंय.

गुडघ्याला तेल लावत जा. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
चंदन


सातारा, ७ फेब्रुवारी

प्रिय चंदन,
नमस्कार आणि एक चिमटा.

तुझ्याआधी आमचा संपादक वीरधवल येऊन गेला. दोन कप चहा प्याला आणि म्हणाला, मॅडम, माफी द्या, नाहीतर सदर बंद करावं लागेल. त्या जागी म्हणे एक रीलवाली मुलगी केसांच्या तेलावर लिहिणार आहे. लिहिणार म्हणजे तेलाची कंपनी लिहून देणार आणि हिचा फोटो छापणार. मी त्याला तिसरा कप दिला नाही.

सदर जाईल याचं मला काही वाटत नाही, असं खोटं तुला लिहिणार नाही. आठवडाभर मी त्याच्यासाठीच बाजारात कान टवकारून फिरते. ते गेलं तर माझं ऐकायला घरात एकटे हे, आणि तेही मी बोलायला लागले की कानातलं यंत्र काढून ठेवतात.

पण माफी कशाची मागू? होस्टेलात माझ्या कॉटखाली तुझ्या आईच्या, अक्कांच्या, बिनलसणाच्या भडंगाचा डबा असायचा. रविवारी पत्रं लिहिताना आपण हळूच चावायचो, आवाज होऊ नये म्हणून. अक्का दुकानात कधी हसल्या नाहीत. चव न बघता निघालेल्या गिऱ्हाइकाला मात्र परत बोलवायच्या. त्यांच्या जागी ही दात दाखवणारी बाई बसवली, वर ‘आजीच्या हातची चव’ असं छापलं, आणि आत लसणाची पावडर! अतिशय माझा लाडका आहे म्हणून गप्प बसू? लाडका आहे म्हणूनच लिहिलं.

माफी मिळणार नाही. प्रेम हवं तेवढं ने.

तुझी हट्टी,
विजू


सांगली, १८ फेब्रुवारी

ती. विजूमावशी यांना,
अतिशयचा वाकून नमस्कार.

मराठीत पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. मी अजून तुमच्यावर चिडलेलो आहे. पण अडचण आईची आहे.

तुमचं पत्र तिनं दोनदा वाचलं. रविवारी पेपर उघडला तर सदराच्या जागी तेलाची बाटली. ती उठली, कपाटातून अक्काआजीचा कपाळाला आठ्या घातलेला फोटो काढला, दुकानात येऊन काउंटरवर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. रोज घरून बिनलसणाच्या भडंगाचा डबा आणते. येईल त्याच्या हातावर मूठभर ठेवते, मग शेजारी माझं पाकीट फोडून त्यातलं देते, आणि कुठलं बरं ते विचारते. मावशी, माझ्याच दुकानात!

मिरजेचे आकाराम काका म्हणाले, आवं बाई, लय दिसांनी गावलं बगा हे, त्या पाकिटातलं न्हाई आपल्याला झेपत. मी म्हणालो, काका, जमाना बदललाय. तर म्हणाले, जमान्याला बी चव कळती की रं. आता लोक डब्यातलंच मागतात आणि आई सांगते, हे विकायचं नाही, नुसतं आठवायचं.

मी आईला सांगून बघितलं. तुमचं सदर परत छापेपर्यंत उठणार नाही म्हणते. मी पेपरला फोन केला, जाहिरात परत देतो म्हणालो. ते म्हणाले, तेलवाल्यांशी वर्षाचा करार झालाय. आता तुम्हीच तिला उठायला सांगा. ती तुमचंच ऐकेल.

तुमचा,
अतिशय


सातारा, २१ फेब्रुवारी

चि. अतिशय यास,
अनेक आशीर्वाद, आणि फोन केलास त्याबद्दल एक जास्तीचा.

नाही सांगणार.

उलट सोमवारच्या एसटीनं मी येतेय. आईच्या खुर्चीशेजारी दुसरी मांडून ठेव, पाठ टेकता येईल अशी. अक्कांच्या फोटोमागची भिंत मोकळी कर. दर रविवारी माझा लेख तिथं लागेल, आणि पहिला तुझ्या पाकिटाबद्दलच असेल. चिडायचं तर चिड, पण भडंग भाजायला आईच्या हाताखाली उभा राहा. तसं भाजायला शिकलास, की त्या हसऱ्या बाईला पाकिटावरून उतरव आणि अक्कांना बसव, आठ्यांसकट.

वीरधवलला कळव, सदर चालू आहे. हातावर चव घेतल्याशिवाय वाचायला मिळणार नाही.

तुझ्यावर चिडण्याचा हक्क राखून, तुझीच
विजूमावशी