लवकर आलेल्यांसाठी

१२ जून, शुक्र.
पणजी. चौथी केमो झाली. डॉ. बाईंना पेपरातलं कात्रण दाखवलं. काढलेल्या गाठीची नवी चाचणी, तिच्यावरून म्हणे कळतं केमो लागेल की नाही. त्यांनी वाचून परत दिलं. "टीचर, ही लवकर आलेल्यांसाठी. तुमचं काखेत बरंच पसरलं होतं." साखळीपर्यंत बसमध्ये महिने मोजत आले. भावजींनी देवीला कौल लावला तो दिवस ते ऑपरेशन. चार.

१५ जून, सोम.
ओकाऱ्या. फक्त पेज.
राग स्वतःचाही येतो. शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि "देवी ना म्हणटा" म्हटल्यावर गप्प बसले. हे गेल्यापासून थोरले दीर म्हणून भावजींचा शब्द कधी मोडला नाही. ऑपरेशन करू का विचारलं, देवीची पाकळी डावी पडली, म्हणजे नको, असं सांगितलं त्यांनी. तेवढ्यात त्यांच्या लेकीचं, नूतनचं लग्न. काखेत कळ घेऊन मी लाडू वळले.

१९ जून, शुक्र.
जरा बरं वाटलं, सर्वण गावातल्या आमच्या घरातून चालत देवळात गेले. गुरव एकटाच समया घासत होता. सहज म्हटलं, माझ्या वेळी पाकळी डावी पडली ना? तो बघतच राहिला.
"तुज्या ऑपरेशनाचें कोणेंच विचारूंक ना गो बाय. चेडवाचें लग्न आदीं करूं काय, इतलेंच विचारिल्लें. उजवी पडली."
उजवी!
म्हणजे देवीपर्यंत माझं नावच गेलं नव्हतं. घरात कॅन्सर आहे कळलं तर पेडण्याचं स्थळ मोडेल, म्हणून.
घरी आले. भावजी नारळ सोलत होते. गुरव भेटल्याचं त्यांना सांगितलं नाही. इतक्या स्वस्तात सोडायचं नाही.

२१ जून, रवि.
देवळात भर माणसांत त्यांचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालायचं. गावभर होऊ दे. नूतनच्या सासरी कळलं तर? कळू दे. तिचा काय दोष... काही नाही. तरी कळू दे असं वाटतं. वाईट आहे मी. असू दे.

२३ जून, मंगळ.
डॉ. बाईंचा फोन. गाठीत एक प्रथिन जास्त आहे का, ती चाचणी धूसर आली होती. नमुना पुन्हा मुंबईला गेलाय, निकाल २ जुलैला. प्रथिन निघालं तर नेमकं त्याच्यावर काम करणारं इंजेक्शन आहे. नाही निघालं तर ते माझ्या उपयोगाचं नाही.
ह्याच इंजेक्शनाचं कात्रण वहीत आहे. "काही रुग्णांत आश्चर्यकारक गुण." काही म्हणजे कोण, ते पेपरवाले लिहीत नाहीत. आजच्या पेपरात आणखी एक: रक्ताच्या थेंबावरून कॅन्सर ओळखणार. कधी? "येत्या काळात." कोणाच्या काळात ते विचारायला हवं.
झोप नाही. प्रथिन निघू दे. निघू दे.

२७ जून, शनि.
गाऱ्हाणं रद्द. दुसरं सुचलं.
जेवण झाल्यावर कात्रणांची वही भावजींपुढे ठेवली. म्हटलं, "माझे दोळे दुखतात. वाचून दाखयात." बसले बिचारे वाचायला. लवकर निदान झाल्यास... लवकर उपचार घेतल्यास... प्रत्येक कात्रणात हे असतंच. पहिल्यांदा भरभर वाचून गेले. दुसऱ्यांदा आवाज खाली. "व्हडल्यान वाचात, आयकूंक येना." मला मजा आली. खरंच आली. केमो सुरू झाल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले होते आज.

२९ जून, सोम.
वाचनाचा तिसरा दिवस. आज "लवकर" पाशीच अडले. पुढे वाचा म्हटलं. वाचेनात. तेव्हा सांगितलं, गुरव भेटला होता.
वही तशीच उघडी खाली ठेवली त्यांनी. म्हणाले, "माका दिसलें, चार म्हयन्यांनी कितें जाता..." वाक्य तिथेच सोडलं त्यांनी.
मी पुरं केलं. "काखेंत पसरता."
रडले. सत्तरीचा माणूस, माझ्यासमोर कधी मोठ्याने हसलासुद्धा नव्हता. "माफ कर गो बाय." माझ्या आत काही हललं नाही. वाटलं होतं, तो रडला की हलकं वाटेल. नाही वाटलं.
वही मीच मिटली.

१ जुलै, बुध.
उद्या निकाल. सकाळी भावजी विचारायला आले, "फाल्यां हांव येतां तुज्यावांगडा?" या म्हटलं. गेले नाहीत, दारातच उभे. माफीचं विचारत होते, तोंडाने नाही.
"फाल्यां कागद येऊं दी, मागीर सांगतां."
इंजेक्शन लागू असेल तर करीनही माफ. नसेल तर नाही. माफी अशी कागदावर ठरते का? ठरत नसावी. पण माझी ठरणार आहे.
संध्याकाळपासून तीनदा विचारून गेले, बस किती वाजता. तीनदा सांगितलं. वाट बघणं काय असतं, ते त्यांनाही एक रात्र कळू दे.