भरल्या पंगतीतून उठवलेले भाऊजी

प्रिय अहो,

आज सुधाकर भाऊजी दवाखान्यातून घरी आले, अन आल्या आल्या कोथिंबिरीची तळलेली सांभारवडी मागितली. जाऊबाईनं बिनमिठाची लौकीची भाजी पुढे केली. मग नवराबायकोचं असं काही जुंपलं, की मी हसत सुटली, अन तुमची आठवण आली. म्हणून लिहायले बसली.

आपल्या घरचा नेम तुमाले काय सांगू? महालक्ष्मीच्या जेवणात शेवटचं पान उठेपर्यंत घरच्या कर्त्यानं पंगत सोडायची नाही. तुम्ही नाहीच सोडली. छाती दाबून, "गॅस आहे, ओवा दे" म्हणत आंबील वाढत राहिले. किती हट्टी हो तुम्ही! दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. अजूनही राग येते मले तुमचा.

यंदा तुमच्या जागी भाऊजी वाढून राहिले होते. पुरणपोळीचं ताट घेऊन मधेच थांबले. सदरा घामानं ओला, हात जबड्यावर.

"काहून थांबले?"

"काही नाही वहिनी, गॅस आहे."

झालं. मी ताट हातातून काढून घेतलं अन पल्लवीले हाक मारली. आपली पोट्टी अजूनही हिंदीतच बोलते. "काका, चुपचाप गाड़ी में बैठो." मागून तुमच्या आत्याबाई म्हणाल्या, "सुनबाई, अपशकुन हाये हा." पाहुणे घास हातात धरून पाहत राहिले.

दवाखान्यात ईसीजी चांगला निघाला. भाऊजी लगेच चप्पल शोधू लागले. "सांगितलं नव्हतं? चला, पंगत खोळंबली." मी त्यांच्या चपलेवरच पाय ठेवून उभी राहिली. डॉक्टरीणबाई पण पक्की. म्हणे, पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे अटॅक नाही, असं नसते. गोळी चावायले दिली, रक्त तपासायले पाठवलं, थोड्या वेळानं पुन्हा ईसीजी काढला. त्यात अन रक्तात, दोन्हीकडे अटॅक सापडला. लगेच आत नेऊन बंद झालेली नस उघडली, स्टेंट टाकला.

जाऊबाई माझ्या गळ्यात पडून रडली. मी खूश होती, अन तुमच्यासाठी जीव तुटत होता. दोन्ही एकदम होते, हो.

पुढच्या सालीही भाऊजीच वाढतील. पण घरात कोणाचाही हात असा छातीवर नाहीतर जबड्यावर गेला, तर भरल्या पंगतीतून उठवीन, हा माझा शब्द. देवी रागावली तर रागावू द्या. तुमाले नेताना तिनं मले कुठं विचारलं होतं?

तुमचीच,
कुसुम