गंधकाम्लाची शिशी

१० नोव्हेंबर १९६४, अमरावती
हेडमास्तर म्हणतात, मुलींची शाळा आहे, दिल्लीच्या विज्ञान प्रदर्शनात नुसते तक्ते मांडले तरी भागेल. का भागेल? नववीतल्या शकुननं तीन महिने खपून बॅटरी केली आहे. मुलांच्या शाळेला असं म्हणाले असते का? प्रदर्शनवाल्यांनी विमानाचं तिकीट पाठवलंय. बॅटरी घेऊन मी जाणारच.

१२ नोव्हेंबर, नागपूर
रागानं अक्षर नीट येत नाही. विमानतळावर सामान तोलणाऱ्या कारकुनानं सगळ्यांसमोर माझी पिशवी उपसली. बॅटरीत घालायच्या गंधकाम्लाची बाटली काढली. तेजाब, फटाके, भरलेला स्टोव्ह – विमानात काही चालत नाही म्हणे. मी सांगितलं, मी विज्ञान शिकवते, मला तेजाब कळतं.
"तुमाले कळते, बाई. विमानाले कळत नाही."
रांगेतले पुरुष हसले. बाटली ठेवून घेतली. आणखी काही आहे का, विचारलं. नाही म्हटलं. सुटकेसमध्ये पातळात गुंडाळलेली लहान शिशी आहे. हसा म्हणावं आता!

१३ नोव्हेंबर, दिल्ली
शिशीचं बूच निसटलं. निम्मं सांडलं. पातळाची चाळण झाली, सुटकेसचा कोपरा काळा पडला. आपटली असणार हमालांनी. नियम तेवढे शिकवतात, सामान धरता येत नाही! उरलेलं कसंबसं पुरलं. दिवा लागला.

१५ नोव्हेंबर
दुसरं बक्षीस. प्रमाणपत्र त्या कारकुनाच्या टेबलावर आपटणार आहे.

१७ नोव्हेंबर, अमरावती
येताना नागपूरला आपटलं. त्यानं नीट वाचलं, शकुनचं कौतुक केलं. मग मी सामानाची तक्रार केली. तो हळू आवाजात म्हणाला, हमालांना बोलू नका. गेल्या गुरुवारी त्यांच्यातल्या पंजाबरावांनी डोक्यावरून पेट्या नेल्या. वरून काहीतरी ठिबकलं. पाणी समजून त्यांनी हातानं पुसलं, डोळ्यात गेलं. तोवर विमान उडालं होतं. पेटी कोणाची, कळलं नाही.
गेला गुरुवार म्हणजे बारा तारीख.
सुटकेस उचलली आणि मोटार गाठली.

१९ नोव्हेंबर, नागपूर
दवाखान्यात गेले. खाटेजवळ उभी राहून सांगितलं – पेटी माझी होती. पंजाबराव म्हणाले, "बाई, या अंगानं या. तिकडून मले दिसत नाही."