सासूबाईंचे उत्तर अभ्यासात ठेवण्याबाबत

प्रति,
डॉ. शर्मिष्ठा सबनीस,
प्रमुख, वैद्यकीय व्यवहार विभाग,
शंखपुष्प औषधे प्रा. लि., अड्यार, चेन्नई.

विषय : चक्करीच्या गोळीच्या अभ्यासातील श्रीमती सीतालक्ष्मी यांचे उत्तर न वगळणेबाबत.
संदर्भ : एग्मोर येथील प्रशिक्षण, ‘रुग्णांच्या अनुभवातून पुरावा’.

महोदया,

१. अर्जदार विद्युलता पाटणकर ही आपल्या विभागात वैद्यकीय माहिती अधिकारी आहे. हा मजकूर इंग्रजीत लिहू जाता तिला हसू आवरेना, सबब मराठीत सादर.

२. प्रशिक्षणात शेजारच्या दालनातील स्वयंसेवकांना, संमती घेऊन, आपल्या गोळीचा अनुभव विचारायचा होता. अर्जदार चुकून पलीकडच्या दालनात शिरली. तेथे तंजावरकडच्या मराठी घरातील श्री. नारायणस्वामी यांची साठीशांत चालू होती. इतकी वयस्कर मंडळी ओळीने बसलेली पाहून अर्जदारास आयोजकांचे कौतुकच वाटले. मंडळींनीही यजमानांनी डॉक्टरीण बोलावली असे समजून आनंदाने संमती दिली.

३. त्यांतले काही जण खरोखरच ही गोळी घेत होते. सर्वांनी ‘बरी आहे’ एवढेच सांगितले. यजमानांच्या पत्नी सीतालक्ष्मी मात्र म्हणाल्या, “गोळी घेतली की झोप येते गे. स्वैपाक असला तर मी घेतच नाही. डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलं नाही. हे लिही, मग जेव.” अर्जदार जेवली. प्रशिक्षक श्री. वेंकट यांना हे उत्तर फार मोलाचे वाटले व त्यावरून, नीतिसमितीच्या मंजुरीने, रीतसर अभ्यास सुरू झाला.

४. पुढील मुलाखतीसाठी अर्जदार त्यांच्या घरी गेली असता, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात अभियंता असलेले चिरंजीव श्रीवत्स यांनी दार उघडले. ते एरवी तमिळ बोलतात. त्यांनी नंतर मोबाइलवर जुन्या वळणाच्या मराठीत निरोप पाठवला, “आपले येणे पुन्हा केव्हां होईल?” हा निरोप अर्जदाराने किती वेळा वाचला हे सांगता येत नाही. तेव्हापासून तिचे डोके हलके असून पाय जमिनीस लागत नाहीत. तिने गोळी घेतली नसल्याने याची नोंद दुष्परिणामांत केलेली नाही.

५. गेल्या रविवारी लग्न ठरले. श्री. वेंकट यांचे म्हणणे, नाते जुळल्याने आता ते उत्तर वगळावे. अर्जदाराने हे सांगताच सीतालक्ष्मी यांनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, “सून तर मला हवीच. पण माझं बोलणं पुसशील तर लग्नास मी यायची नाही. मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.”

६. तरी नाते उघड जाहीर करून उत्तर ठेवावे व अर्जदारास अभ्यासातून मुक्त करावे. पडताळणीसाठी काल सहकारी नित्या यांना पाठवले. उत्तर तेच मिळाले. मात्र सीतालक्ष्मी यांचा एक भाचा अविवाहित असल्याचे नित्या सकाळपासून ज्याला त्याला सांगत आहेत. पुढील मुलाखतीस कृपया विवाहित व्यक्ती नेमावी.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
विद्युलता पाटणकर
चेन्नई, १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : हितसंबंधाचे निवेदन, आपणांस सहकुटुंब आमंत्रण.